बाळंतिणीचा बुरूज

"अंगावरचं पोर घेऊन वर चाललाय, तर बाळंतिणीच्या बुरुजाकडे फिरकू नका. रडणं कानावर आलंच तर थांबायचं नाही, मागं बघायचं नाही, सरळ उतरायला लागायचं," असं घोणसगडाच्या पायथ्याशी सरबत विकणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, आणि मी, सात महिन्यांची लेक छातीशी बांधलेली, "बरं हं मावशी" म्हणून हसून पुढे गेले होते. वर काही ऐकू आलं नाही. बुरुजाच्या भिंतीतल्या एका भोकासमोर हळदकुंकवाचे थर तेवढे दिसले. पण रडणं ऐकलं तर निघून जावं, हा सल्ला पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिला. बुरुजातल्या भुताची गोष्ट त्या मुलखात सगळेच सांगतात. ते भूत कसं झालं, हे मात्र फक्त गडाच्या जुन्या घडश्यांच्या, म्हणजे नगारा वाजवणाऱ्यांच्या, घरात सांगतात. ते असं.

पौषातल्या त्या पहाटे घोणसगडाच्या चहूबाजूंनी धुकं असं दाटलं होतं, की खालच्या दरीत दोन महिने तळ देऊन बसलेल्या बंडखोर दर्यारावाच्या राहुट्या, त्याचे मोर्चे, त्याने गडाच्या वाटेवर रोवलेली निशाणं, यांतलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त धुक्याच्या वर उचललेला काळा कातळ, त्या कातळाला वेटोळं घालून बसलेला तट, आणि तटाच्या उगवतीच्या टोकाला, इतर अकरा बुरुजांपासून जरा फटकून उभा असलेला बारावा, ज्याच्याकडे गडावरचा एकही माणूस कारणाशिवाय मान वळवत नसे. आणि त्या बाराव्या बुरुजातून, कालच्यासारखंच, परवासारखंच, तान्ह्या मुलाचं रडणं येत होतं.

हा बुरूज बांधताना तीनदा ढासळला, तेव्हा त्याच्या पायात एका बाळंतिणीला लेकरासकट चिणलं, अशी आख्यायिका होती. गडावर संकट यायचं असलं की ती रडते. ती रडू लागली की रीत ठरलेली: सदरेवरचा नगारा झडत ठेवायचा, कारण तिचं रडणं ज्याने पुरतं ऐकलं त्याचं घर बसतं, बायकांनी दारं लावून घ्यायची, गुरवाने बुरुजाच्या पायरीवर दहीभाताचा उतारा ठेवायचा आणि पाठ न दाखवता मागच्या पावली परतायचं. गडावर हयात असलेल्या कोणीही ते रडणं या तीन दिवसांआधी कधी ऐकलेलं नव्हतं. रीत मात्र सगळ्यांना पाठ होती.

"घडशी!" किल्लेदार सुभानराव सदरेवरून गरजला. "कान फुटले का तुझे? वाजव!"

सिदू घडश्याने टिपऱ्या उचलल्या. नगारा झडू लागला आणि रडणं बुडालं.

खाली घडश्याच्या झोपडीत त्याची बायको आवडी चार महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन तिची ढेकर काढत होती. पोर पोटभर पिऊन, दूध ओघळलेल्या तोंडाने झोपी गेली होती. आणि तरी, नगारा सुरू व्हायच्या आधी जे दोन-चार टाहो कानावर आले, त्यांसरशी आवडीला पान्हा फुटला. आधी ती झिणझिण, मग चोळीवर दोन ओले गोल, मग थेट पोटापर्यंत ओघळ. काल असंच झालं होतं. परवाही. तिने लेकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मनात आली ती भीती नव्हे, भीतीहून वाईट अशी एक शंका.

टाक्यावर पाण्याला बायका जमल्या होत्या. आवडीने ती गोष्ट तिथे बोलून दाखवली आणि फसली.

"शिव शिव! भुताला पाजतेस?" गोलंदाजाची बायको कमळजा म्हणाली. तिच्याही कडेवर पिणारं पोर होतं.

"भुताच्या रडण्याने दूध येतं का गं, कमळजाबाई? भुकेल्या पोराच्या रडण्याने येतं."

"लांब हो. माझ्या घागरीला शिवू नकोस." कमळजाने घागर ओढून घेतली. "धरलंय हिला. डोळे बघा कसे फिरवतेय."

"तुम्हाला नाही येत?" आवडीने विचारलं.

कमळजाने पदर घट्ट ओढून घेतला.

"हवालदारांच्या गिरजावैनी कुठे आहेत?"

"कितीदा सांगायचं? माहेरी. किल्लेदारांनी चोरवाटेनं उतरवलं, चार दिवस झाले."

"वीस दिवसांच्या बाळंतिणीला? दोराच्या शिडीवरून?"

"मोठ्या घरच्या त्या. पाटीत बसवून सोडलं असेल. तुझ्यासारखी उघड्या पायाने उड्या मारत उतरते का प्रत्येक जण?"

बायका हसल्या. आवडी हसली नाही. "मग पोराची कुंची का ठेवून गेल्या? लाल खणाची. चार दिवस त्यांच्या परसात दोरीवर लोंबतेय, दवाने भिजतेय. अशा थंडीत वीस दिवसांचं पोर कुंचीशिवाय कोण आई बाहेर काढील?"

"दुसऱ्यांच्या दोऱ्यांवर काय वाळतंय ते बघत फिरते!" कमळजा म्हणाली. "सिदूला सांगा, आधी बायकोची दृष्ट काढ, मग नगारा बडव."

आवडी घागर तशीच ठेवून हवालदाराच्या दारात गेली. मानाजी हवालदार म्हणजे घोणसगडाचं कुलूप. गडाच्या दिंडीदरवाजाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. किल्लेदाराचा हुकूम असला तरी हवालदाराच्या हाताशिवाय दिंडी उघडायची नाही, असा हुजूरचा दंडक होता, आणि एका माणसाच्या मनात पाप आलं तर दुसऱ्याने आडवं यावं म्हणूनच तो घातलेला होता. असा तो पोलादी माणूस ओसरीवर गुडघ्यांत डोकं खुपसून, दोन्ही कान दाबून बसला होता.

"हवालदार, वैनींना माहेरी सुखरूप पोचल्याचा सांगावा आला का?"

"तुला काय करायचंय? चालती हो."

"बुरुजातलं रडणं ऐकून मला—"

"चालती हो म्हणतो ना!" तो उठलाच अंगावर. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "उद्या उगवतीनंतर येईल ती. येईल. उद्या संपेल सगळं."

बोलून गेल्यावर त्याचं तोंड पांढरं पडलं.

"वेढा घातलेल्या गडावर माहेरची बाई उद्या कशी परत येईल, हवालदार?"

त्याने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी जड भिंतीवर आपटल्याचा. माणसाचं डोकं असावं.

दुपारी, उन्हाने धुकं फाटल्यावर, आवडी बाराव्या बुरुजाकडे गेली. लेकीला तिने झोपडीतल्या झोळीत निजवून ठेवलं होतं, आणि वाटेत तीनदा तिचे पाय मागे वळले होते. बुरुजावर किल्लेदाराचा हुजऱ्या पहाऱ्याला होता खरा. पण त्यालाही भुताची भीती, म्हणून तो पुरता चाळीस पावलं लांब, एका चौथऱ्याआड पेंगत बसला होता. आवडी तटाच्या कडेकडेने गेली. बुरुजाच्या पोटात जुनी दारूची कोठडी होती, कित्येक वर्षं कोणी न उघडलेली. तिच्या दाराच्या जागी आता चिरे रचलेले होते. आवडीने सांध्यावर बोट फिरवलं. चुना ओला होता.

बाजूला बंदुकीच्या नळीसाठी ठेवलेली जंगी होती, वीतभर रुंद, तिरपी आत उतरलेली. तिने तिथे तोंड लावलं.

"वैनी?"

आत खसफस झाली. मग एक आवाज आला, इतका खरबरीत की तो बाईचा आहे हे कळायलाही वेळ लागावा. "कोण?"

"मी आवडी. सिदू घडश्याची."

"पळून जाऊ नकोस," आवाज म्हणाला. "सगळे पळतात."

"नाही पळत."

"मी हाका मारते तर नगारा सुरू होतो. गुरव आला होता. त्याला म्हटलं, गुरवकाका, मी गिरजा. त्याने डोळे मिटून भात ठेवला आणि मागं मागं गेला. मला तो भात दिसत होता, आवडे. हात पोचत नव्हता."

"कोणी केलं हे?"

"सुभानरावाने. उद्या उगवतीची नौबत झडली की हवालदारांनी दिंडी उघडायची, दर्यारावाची माणसं खाली दबा धरून असतील. उघडली तर मला सोडणार म्हणे."

"मग उद्या..."

"दार चुन्याने चिणलंय गं. सोडायचं असतं तर कडी घातली असती."

आवडीने जंगीला कान लावला. आत पोर कुरकुरलं; रडण्याइतकी ताकद त्याच्यात या घडीला नव्हती.

"माझं दूध कालपासून आटलं," गिरजा म्हणाली. "ते चोखतं आणि टाकून देतं."

आवडीने काही विचार केला नाही. तिने पदर सोडला, त्याचं टोक दुधाने पिळता येईल इतकं भिजवलं आणि लुगडं फेडत फेडत ते टोक जंगीतून आत सोडलं. आतून ते ओढलं गेलं. थोड्या वेळाने चुटचुट आवाज आला. तिने ते तीनदा बाहेर घेतलं, तीनदा भिजवून आत दिलं. चौथ्यांदा टाक्याच्या पाण्याने भिजवून द्यावं म्हणून ती उठली, तोच मागे किंकाळी उठली. हुजऱ्या जागा झाला होता. त्याला बुरुजाच्या भिंतीशी अर्धं लुगडं फेडलेली, केस सुटलेली एक बाई दिसली, आणि हातातला भाला तिथेच टाकून तो सदरेकडे पळत सुटला.

तासाभरात गडभर झालं की बाळंतीण आता दिवसाढवळ्या दिसायला लागली. आवडी ज्याला सांगेल, "ती मी होते, आत गिरजावैनी आहेत," तो माणूस तिच्यापासून दोन पावलं मागे सरके. सुभानराव मात्र भुताला भिणारा नव्हता. त्याने बुरुजाच्या वाटेवर दहा भालेकरी उभे केले आणि हुकूम सोडला, की उद्या उगवतीला लहानथोर झाडून सगळ्यांनी सदरेवर यावं, बुरुजाची शांत करायची आहे. गड सदरेवर आणि दिंडी मोकळी, असा तो बेत होता.

दिवेलागणीला सिदू घरी आला. त्याच्या बोटांची सालटी निघाली होती. आवडीने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग भडकला.

"तुझी कोण लागते ती? तिच्या पोराच्या बारशाला वाजवलं मी, पायरीखाली उभं राहून. ओवाळणी लांबून फेकली. जेवण परसदारी. आणि तिच्यासाठी मी किल्लेदारावर तलवार उपसू?"

"तुम्ही? कोंबडी कापताना डोळे मिटता तुम्ही."

तो हसला नाही. "मग करू काय?"

"काहीच करू नका. उद्या टिपरी उचलू नका."

त्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उलथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "उगवतीची नौबत चुकवली तर घडश्याचा हात तोडतात. आजवर आमच्या घरात नगारा थांबला नाही."

"मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक आहे. आणि तरी म्हणतेस."

"तुम्ही वाजवता म्हणून ती ऐकू येत नाही," आवडी म्हणाली. "एवढंच आहे सगळं. सांगून कोणी मानत नाही. त्यांना नुसतं ऐकू द्या."

सिदूने ताटाकडे पाठ केली आणि तो बाहेर जाऊन बसला. होही म्हणाला नाही, नाहीही.

चौथा दिवस उजाडला. सदरेसमोर तीनशे माणसं उभी होती: बारगीर, गोलंदाज, पाणके, गवंडी, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. गुरव ताम्हन घेऊन पुढे. खाली दिंडीपाशी मानाजी एकटा, कुलपात किल्ली घालून, नौबतीकडे कान लावून. आणि दिंडीच्या पलीकडे करवंदीच्या जाळीत दर्यारावाचे दोनशे निवडक लोक, उघड्या तलवारींनी, त्याच नौबतीकडे कान लावून. पूर्वेच्या धारेवर सूर्याची कोर दिसली.

"वाजव," सुभानराव म्हणाला.

सिदूने टिपऱ्या उचलल्या. लोकांनी सवयीने कान झाकायला हात वर नेले. मग त्याने त्या टिपऱ्या नगाऱ्याच्या कडेला अलगद ठेवून दिल्या आणि हात मागे बांधले.

"वाजव, घडशी!"

"नाही सरकार."

तीन दिवसांत पहिल्यांदा घोणसगड गप्प झाला. इतका गप्प, की गुरवाच्या ताम्हनातली पळी वाजली तीही सगळ्यांना ऐकू आली. आणि मग बाराव्या बुरुजातून ते रडणं आलं. भुताचं रडणं कसं असतं कोण जाणे. हे उचकी लागलेलं होतं, मध्येच थांबून श्वास घेत होतं, चिडत होतं. पाठोपाठ, फाटलेल्या कापडासारखा एक आवाज:

"माझं पोर घ्या हो कुणी!"

"ऐकू नका!" सुभानराव ओरडला. "घरं बसतील तुमची! डोळे मिटा! घडशी, हरामखोरा—" आणि तलवार उपसून त्याने वार केला. सिदूने हात मागून पुढे आणला तो नगारा झाकायला की स्वतःला वाचवायला, हे पुढे त्यालाही सांगता आलं नाही. उजवा पंजा मनगटातून तुटून नगाऱ्याच्या चामड्यावर पडला. थप्प असा एक आवाज झाला. नौबत म्हणून त्या दिवशी वाजला तो एवढाच, आणि तो दिंडीपर्यंत पोचला नाही.

आवडी किंचाळली. पण ती नवऱ्याकडे धावण्याआधीच दुसरं काहीतरी झालं. बायकांच्या घोळक्यात कमळजाने एकदम छातीवर दोन्ही हात दाबले. तिची चोळी भिजली होती. तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारणीनेही पदर आवळला होता आणि तिच्या बोटांतून ओल झिरपत होती.

"जितं आहे," कमळजा म्हणाली. मग गडभर ऐकू जाईल अशा आवाजात, "अरे, जितं पोर आहे ते, मुर्दाडांनो! आत जितं पोर आहे!"

आणि ती चालू लागली. मागे दुसरी, मग पाचवी, मग सगळ्याच. भालेकऱ्यांनी भाले आडवे धरले, कमळजाने आपलं पोर कडेवरून काढून त्या पात्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "मार." भाले खाली आले. गवंडी पहारी घेऊन धावले. कोणी सुभानरावाच्या पाठीवर बसलं, कोणी त्याच्याच शेल्याने त्याच्या मुसक्या बांधल्या.

चुना ओला होता, म्हणून चिरे भराभर निघाले. गिरजा जंगीखाली बसलेली होती, पाठ भिंतीला टेकून, दोन्ही हात वर. उजेडाच्या त्या फटीला पोर लावून धरलेलं. अंग ऊन होतं. श्वास नव्हता. पोराला काढून घेताना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आवडीने त्याला पदराखाली घेतलं. ते आधी चुकलं, मग सापडलं, मग असं तुटून पडलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गलका ऐकून मानाजी दिंडी न उघडताच वर धावत आला होता. त्याने आत बघितलं, आवडीकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर उकिडवा बसून माती तोंडात कोंबू लागला.

दर्यारावाची माणसं दुपारपर्यंत जाळीत वाट बघत राहिली. तटावरून धोंडे सुटले तेव्हा त्यांना काय ते कळलं. महिन्याभरात हुजूरची कुमक आली आणि वेढा उठला. सुभानरावाचा कडेलोट झाला. गड राखल्याबद्दल मानाजी हवालदाराला तलवार आणि पोशाख मिळाला. सिदू घडश्याच्या नावानेही हुजुरातून पत्र होतं: उगवतीची नौबत चुकविण्याचा गुन्हा माफ केला आहे, मात्र हात नसलेला इसम नगाऱ्यावर ठेवणे सोयीचे नाही, सबब दुसरा घडशी नेमावा.

त्या पत्राचं वाचन सदरेवर झालं. तेव्हा मानाजीने मिळालेली तलवार खाली ठेवली आणि जे कोणी त्याला विचारलेलं नव्हतं ते सांगितलं: त्या तीन दिवसांत नगारा आणखी जोरात वाजवा, असा निरोप किल्लेदाराकडे दोनदा त्यानेच धाडला होता. त्याला ते ऐकवत नव्हतं. आवडी तिथे नव्हती; ती घरी दोन पोरांना आळीपाळीने पाजत होती. मानाजीचं पोर ती दीड वर्ष कसर न करता पाजत राहिली, आणि मानाजीशी ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गड काही शिकला म्हणाल, तर नाही. पुढल्या पौषात बुरुजातून पुन्हा आवाज आला. वारा असेल, एखादं जनावर असेल, खरंच कोणी असेल. बघायला कोणी गेलं नाही. नव्या घडश्याने नगारा सुरू केला आणि लोक म्हणाले, आता तिथे दोघी रडतात.

म्हणून, हे वाचता आहात तर एक करा. तुमच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या लावलेल्या दारामागे एखादी नवी बाळंतीण असेल. तिच्या बाळाचं रडणं तुम्हाला ऐकू येतं. त्यात मधून मधून तिचंही मिसळतं, आणि पहिलटकरीण आहे, होतं असं, म्हणून तुम्ही टीव्ही थोडा मोठा करता. आज उठा. बेल वाजवा. घरातलं कोणी म्हणालं की ती झोपली आहे, तर म्हणा, हरकत नाही, मी बसते. आणि तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय, तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय, तिथून उठू नका.